चौथ्या थराचा हिरवा

खण्ण करून चमचा फरशीवर पडला आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता फुटली.

ती ओट्यापाशी कान टवकारून उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी चमचा पडला की पाठोपाठ "पल्ला!" अशी विजयी आरोळी यायची. उचलून दिला की पुन्हा पडायचा, पुन्हा आरोळी. तिचा जीव मेटाकुटीला यायचा. आज नुसता चमचाच पडला. बाहेर येऊन पाहिलं तर भोपळू, तिचा दीड वर्षाचा लेक, आपल्या उंच खुर्चीत भिंतीकडे बघत बसला होता.

"पल्ला?" तिनंच म्हणून पाहिलं.

त्यानं मान फिरवली.

काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. "बाळाच्या रक्तात शिसं आहे. बरंच आहे. घर जुनं आहे का तुमचं? जुना रंग वगैरे खरवडला का कुणी?"

जुनं? शंभर वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली वसाहत ती. विटांची जुळी घरं, गुडघाभर उंचीची कुंपणं, प्रत्येक दाराला तीच पितळी कडी. शहरातल्या दीड खोलीत सहा वर्षं काढलेल्या बाईचा फाटकाशीच जीव जडला. घर मिळालं, पण अटीवर. सहा महिन्यांत दर्शनी खिडक्या मूळ रूपात आणायच्या, वसाहतीच्या समितीनं पाहून सही करायची, मगच घर नावावर. मूळ रंग कोणता, तेही आपणच शोधून दाखवायचं. चौकटीच्या एका कोपऱ्यात रंगाचे थर एकेक करून उघडे करायचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सगळ्यात खालचा सापडला की अख्खी खिडकी लाकडापर्यंत सोलून तोच रंग द्यायचा.

रंगारी म्हणाला होता, "चार महिने थांबा. आणि मी ओलं करूनच खरवडणार. एका खिडकीला तीन दिवस."

"तोवर आपलं बोचकं रस्त्यावर असेल," नवरा म्हणाला.

मग तिनंच कंबर कसली. भोपळू दुपारी झोपायचा तेवढी चाळीस मिनिटं तिची. पॉलिश पेपर घेऊन खसाखसा घासायचं. पांढरा, करडा, बदामी, आणि बदामीच्या खाली तो हिरवा, नुकत्याच फुटलेल्या पानासारखा. त्या दिवशी ती एकटीच हसली होती. सहा वर्षांच्या लेकीनं खिडकीच्या कट्ट्यावरच्या धुळीत बोटानं मांजर काढलं होतं. भोपळू उठून रडायला लागला की ती त्याच कुडत्यानिशी, त्याच हातांनी त्याला उचलून घ्यायची. तोही कट्ट्याला धरून उभं राहायला शिकला आणि दात शिवशिवले की तिथलंच लाकूड चघळायचा. बाळं चघळतातच, असं तिला वाटायचं.

अकरा वाजता समितीचे अध्यक्ष आले. खिशात कायम मोजपट्टी आणि सगळ्यांची कुंपणं मोजत हिंडायचं, म्हणून लेकीनं त्यांचं नाव पट्टीवाले काका ठेवलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीला नाक लावलं.

"वा! काय पायऱ्या उघडल्यात! पोरी, चाळीस वर्षांत असं काम पाहिलं नाही मी. बाकीच्यांना दाखवायला आणतो इथं."

"नका आणू, काका," ती म्हणाली, आणि भोपळूला कडेवर घट्ट धरून तिनं सगळं सांगितलं.

काका हळूच खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी हातातली पट्टी उघडली, मिटली, उघडली.

"कोरडं घासलंत?"

तिनं भोपळूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माझा धाकटा भाऊ ह्याच ओळीत, सातव्या घरात वाढला. आमच्या वडिलांना खिडक्या घासायची भारी हौस. भाऊ कधी नीट बोललाच नाही. आई म्हणायची, अबोल आहे." त्यांनी नियमांची पुस्तिका काढली, शेवटचं पान उलगडलं. "ही ओळ मीच भांडून घालून घेतली. जुना रंग कोरडा घासू नये, घरात लहान मूल असल्यास मुळीच नाही. वाचलं नव्हतं का तुम्ही?"

"एवढ्या बारीक अक्षरात कोण वाचतं हो?" आतून येऊन दारात उभा राहिलेला नवरा उसळला. "एवढं महत्त्वाचं होतं तर पहिल्या पानावर छापायचं! हिला कुठून माहीत असणार? दिवसभर दोन पोरं सांभाळून हिनं एकटीनं चार खिडक्या केल्या, आणि तुम्ही तिलाच विचारताय?"

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. जाताना त्यांनी कागदावर सही केली. "घर तुमचं झालं," असं म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उद्याच्या उद्या मुलांना त्या घरातून हलवा. शिसं उतरेल हळूहळू. शब्द परत येतील का, ते आत्ता सांगता येणार नाही.

नवरा टॅक्सी बघायला गेला. ती वर जाऊन मुलांचे कपडे भरायला लागली. जायचं बहिणीकडे, तिची एकच खोली, तेव्हा थोडेच घ्यायचे. पण भोपळूचं प्रत्येक झबलं ती आधी झटकायची, मग झटकलं म्हणून दचकायची आणि बाजूला टाकायची. शेवटी पिशवीत काहीच राहिलं नाही.

ते पान तिनं वाचलं होतं. पहिल्याच आठवड्यात, भोपळूला पाजता पाजता. ओळीखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. मग हिशेब केला होता: ओलं करायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, चाळीस मिनिटांत वीतभरसुद्धा व्हायचं नाही. दार लावून घेऊ, नंतर झाडून काढू, एवढ्यानं काय होतंय.

लेक दारात येऊन उभी राहिली. बूट उलटे घातलेले, केसांतली एक क्लिप लोंबत होती.

"भोपळूचे शब्द धुळीनं खाल्ले?"

"तसंच काहीतरी, बाळा."

"तू घासलेल्या?"

तिनं होकारार्थी मान हलवली. लेक जवळ आली, तिच्या मांडीवर हात ठेवला आणि समजूत घालताना आई जसा आवाज काढायची, तसाच आवाज काढून म्हणाली, "रडू नको. बाबा म्हणाले ना, तुला माहीतच नव्हतं."

मग खाली वाकून आईच्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "नव्हतं ना, आई?"