एक हात दोरा

शिंपीमास्तरांकडे हातशिलाईच्या सुया पाच, आणि दुकान बंद करण्याआधी त्या मोजायच्या हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नेम. मशीनची सुई मोडली तर कळते, हातातली सुई मात्र गुपचूप जाते आणि कुणाच्या तरी अंगात निघते, असं त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या संध्याकाळी उशीवर टोचलेल्या सुया चारच निघाल्या.

मास्तरांनी पुन्हा मोजल्या. चार सुया पुन्हा मोजून पाच होत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी तिसऱ्यांदा मोजल्या. मग स्वतःच्या सदऱ्याची छाती चाचपली, कारण शिंप्याची हरवलेली सुई बहुतेक वेळा तिथंच असते. लोहचुंबक दोरीला बांधून मशीनखाली, टेबलाखाली, दाराच्या फटीत फिरवला. तीन टाचण्या आणि एक हुक मिळाला. शाळेच्या हेडबाईंचा कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. त्याचं अस्तर, खिसे, कॉलर सगळं बोटांनी दाबून पाहिलं. सुई नव्हती.

मग त्यांना चिंधी आठवली.

चिंधीचं सांगायचं तर आधी खडूच्या रेघेचं सांगायला हवं. मास्तरांची मुलगी आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. जाताना आपलं कुत्रं, "फक्त पंधरा दिवस बाबा, बरी खोली मिळाली की नेते," असं म्हणून दुकानात सोडून गेली. तपकिरी, उतारवयाला लागलेलं, आखूड पायांचं, लांब कानांनी जमीन झाडत चालणारं. तिनं त्याचं नाव बटण ठेवलं होतं. मास्तरांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. पंधरा दिवसांच्या प्राण्याला नाव कशाला हवं? ते त्याला पाहुणा म्हणत, तेही त्याच्याशी बोलताना नव्हे, त्याच्याबद्दल तक्रार करताना.

कुत्रं दिसलं की मास्तरांची पाचावर धारण बसे, आणि ते उगाच नव्हतं. आठ वर्षांचे असताना शेजारच्या कुत्र्याला ते रोज स्वतःच्या हातानं बिस्किट भरवायचे. जीव होता त्यांचा त्याच्यावर. एके दिवशी त्यानं बिस्किटाबरोबर हातही धरला आणि मनगटापासून वर फाडत नेला. मग बेंबीभोवती इंजेक्शनं, रोज एक, अशी चौदा दिवस. त्या चौदा दिवसांत पोरानं कानाला खडा लावला तो कायमचा. व्रण आता फिका झाला होता, पण उजव्या हाताच्या आतल्या बाजूला अजून दिसे, घाईत शिवलेल्या उसवणीसारखा.

म्हणून तह झाला. रोज सकाळी मास्तर कापडावर आखायच्या खडूनं दुकानाच्या मधोमध रेघ ओढत. अलीकडे मास्तर, पलीकडे पाहुणा. पहिले चार दिवस त्यांनी कापड मोजायचा लाकडी गज आपटून ती रेघ शिकवली. पाहुणा शिकला. आठ महिन्यांत त्यानं रेघेवर नाक ठेवलं असेल, पाऊल कधी नाही. बिस्किट मास्तर लांबून फेकत, पाण्याचा वाडगा गजानं ढकलत. त्याला फिरवून आणायचं काम शेजारच्या किल्लीवाल्यानं हौसेनं घेतलं होतं. रेघ बघून तो रोज हसे. हसू दे म्हणावं, त्याला कुठं चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती?

त्या दुपारी किल्लीवाल्यानं किल्ल्या कापायचं नवं यंत्र चालू केलं. कानात सळई घातल्यासारखा आवाज. पाहुणा थरथरायला लागला आणि रेघेशी येऊन कण्हू लागला. मास्तर कोटाला तुरपाई घालत होते. तासभर त्यांनी लक्ष दिलं नाही. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरची जाडशी चिंधी उचलली, तिला दोन गाठी मारल्या आणि "घे, हे चाव, पण गप्प बस," म्हणून फेकली. आठ महिन्यांतली ही त्यांची पहिली मेहेरबानी. पाहुण्यानं चिंधी पुढच्या पायांत धरली आणि तो शांत झाला. मास्तरांना बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून थोडा रागही आला.

आता त्यांना आठवत होतं ते एवढंच, की त्याच्या जरा आधी सुईत नवा दोरा ओवला होता, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि सुई त्यांनी हाताशी येईल त्यात टोचून ठेवली होती.

रेघेपलीकडे चिंधी सुटून पडली होती. पाहुणा कोपऱ्यात मान पुढे ताणून बसला होता. तोंडातून लाळ गळत होती. तो सारखा काहीतरी गिळायला बघत होता आणि पुढच्या पायानं जबडा खरवडत होता. मास्तरांनी गजानं चिंधी ओढून घेतली आणि उजेडात धरली. कडेला सुईची दोन भोकं होती.

"अरे, ये लवकर," त्यांनी भिंतीवर हात आपटला. "पाहुण्यानं सुई गिळली."

किल्लीवाला धावत आला, बघताक्षणी त्याचं हसू मावळलं. "मी स्कूटर काढतो. मास्तर, तुम्ही त्याला उचला."

"तू उचल ना."

"मग स्कूटर तुम्ही चालवता का?"

मास्तरांना सायकलसुद्धा येत नव्हती. ते रेघेशी जाऊन उभे राहिले. स्वतःच ओढलेली रेघ, पण पाय उचलेना. पाहुण्यानं पुन्हा गिळायचा प्रयत्न केला आणि लहान मुलासारखा ओरडला. मास्तरांनी टेबलावरून हाताला आलं ते ओढलं, रेघ ओलांडली आणि त्याला गुंडाळून छातीशी धरलं. हाताला आला होता तो हेडबाईंचा कोट. छत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कपड्याजवळ त्यांनी चहाचा कप ठेवू दिला नव्हता.

स्कूटरवर मागं बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुत्रं कसं धरतात हे आपल्याला माहीतच नाही. त्याची छाती त्यांच्या तळहाताखाली इतक्या वेगानं उडत होती की ती फुटेल अशी भीती वाटत होती. खड्डा आला की मास्तर डोळे मिटत. प्रत्येक हिसक्याला सुई आत सरकत असणार. पोटात सुई म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. कुत्र्याला प्रेमानं दिलं तेव्हा आपला हात फाटला, आणि आता दुसऱ्यांदा दिलं तर याच्या जिवावर उठलं. आपलं देणंच खोटं, असं काहीतरी त्यांच्या मनात फिरत होतं.

सिग्नल लाल झाला. त्याच वेळी खिशातला फोन वाजायला लागला. सात वाजले होते. मुलगी रोज सातला फोन करून "बटण कसा आहे?" विचारायची आणि मास्तर रोज "आहे" एवढंच सांगायचे. फोन पाहुण्याच्या कानापाशी वाजत राहिला. मास्तरांनी तो घेतला नाही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. त्यांनी कागद पुढे ओढला. "नाव काय याचं?"

"बटण," मास्तर म्हणाले. किल्लीवाल्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"भूल द्यावी लागेल, सही लागेल. मालक तुम्हीच ना?"

"सुई माझी आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

एक्स-रेत सुई स्वच्छ दिसली, घशाच्या तळाशी तिरकी रुतलेली. "सुई निघेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला काळजी दोऱ्याची आहे. तो फोटोत दिसत नाही. खाली उतरला असेल आणि त्याचा तुकडा आत राहिला, तर आतड्याला चुण्या पडतात. मग पोट उघडावं लागतं."

दोरा ओढला की चुण्या कशा पडतात हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

"माझा मदतनीस आज रजेवर आहे. भूल चढली की कुणीतरी जबडा उघडून धरा, आणि हलू नका."

किल्लीवाल्यानं आपले हात पुढे करून दाखवले, ते लटलट कापत होते. राहिले मास्तर. त्यांनी दोन्ही हातांनी जबडा धरला. भूल चढलेली होती, तरी दात ते दातच. आत दिव्याचा उजेड पडला होता आणि त्या दातांच्या मधोमध त्यांची बोटं होती. पन्नास वर्षांपूर्वीचा तो हात आपोआप मागं यायला बघत होता. मास्तरांनी तो येऊ दिला नाही.

चिमट्यात सुई आली. बाहेर येताना तिच्या नेढ्यातून दोरा निसटला, पण डॉक्टरीणबाईंनी तो दुसऱ्या चिमट्यात पकडला. निळा दोरा ओला होऊन हळूहळू वर येऊ लागला, मधेच अडला.

"ओढू नका," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "येईल तेवढाच घ्या."

"तेच करतेय, काका."

पुन्हा सुटला, आणि सगळा वर आला. डॉक्टरीणबाईंनी तो बशीत ठेवला, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "आतमध्ये तुटून काही राहिलं असेल तर मला कळायला मार्ग नाही. धोका पत्करण्यापेक्षा उघडून बघितलेलं बरं. याचं वय बघता तेही सोपं नाही."

मास्तर बशीकडे बघत होते. "एक हात," ते म्हणाले.

"काय?"

"मी दोरा घेतो तो एक हात. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, ना जास्त ना कमी. ओवला की दुसऱ्या टोकाला गाठ मारतो, तीन वेढ्यांची. आज ओवला आणि एकही टाका घातला नाही. गाठ असली आणि लांबी भरली, तर तो पुरा आहे."

"तुमची खात्री आहे?"

"छत्तीस वर्षं दुसऱ्या मापानं कापलेला नाही."

त्यांनी उजवी बाही वर सारली. दोऱ्याचं टोक चाचपलं. गाठ होती, तीन वेढ्यांची. ती मधल्या बोटाच्या टोकाला धरून त्यांनी ओला दोरा तळहातावरून, मनगटावरून, जुन्या व्रणावरून वर नेला. दोरा कोपराच्या हाडाशी येऊन संपला, रोज जिथं कात्री लागते तिथंच.

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "पोट उघडायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "दोन दिवस पातळ खायला द्या आणि लक्ष ठेवा."

मास्तर भिंतीशी असलेल्या बाकावर बसले आणि रडले. खिशातला फोन पुन्हा वाजत होता. या वेळी त्यांनी घेतला.

"बाबा, फोन का उचलत नव्हता? बटण कसा आहे?"

"आहे," मास्तर म्हणाले, रोजच्यासारखंच.

हेडबाईंना कोट वेळेवर मिळाला नाही, आणि का नाही ते मास्तरांनी खरं सांगितलं. दोन दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा उठून शेपूट हलवत उभा राहिला. मास्तरांनी सवयीनं खडू घेतला, मग परत खणात टाकला. ओलं फडकं घेऊन त्यांनी जुनी रेघ खसखसून पुसली. पाच सुया झाकणाच्या डबीत बंद केल्या. मग मशीनपाशी बसून हाक मारली, "बटण, ये."

बटण आला. जिथं रेघ होती तिथवर येऊन थांबला. दोन्ही पाय नीट जुळवून बसला आणि त्यानं भिंतीला टेकवलेल्या गजाकडे पाहिलं. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. शेपूट हललं, पाय हलला नाही. किती चोख शिकवलं होतं त्यांनी. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

ते उठले, गज टेबलामागे टाकला आणि पलीकडे जाऊन फरशीवर बसकण मारली. उजव्या हातात बिस्किट धरलं आणि तो हात पुढे केला.

किल्लीवाला दारात आला. "मास्तर, आज रेघ नाही?"

"पुसली. त्याला अजून खरं वाटत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून मीच आलोय इकडे."

बटणनं आधी हात हुंगला, व्रणापर्यंत. मग बिस्किट घेतलं, अगदी ओठांच्या टोकांनी, आणि मास्तरांनी हात तिथंच राहू दिला.