बोटभर कमी

पाहुण्यांच्या घरी गेलं की माणसाने बूड टेकून बसावं, समोर आलेला चहा प्यावा, घर छान आहे म्हणावं आणि उठावं. आमच्या थोरल्या सुनेला एवढं जमत नाही. ती आधी दरवाजे बघते, मग पायऱ्या मोजते, आणि कुणाच्या बाथरूममध्ये जाऊन आली की तोंड असं करते जणू आत कुणी तिचा अपमान केलाय. तिच्या पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही, पण लोखंडी टेप आणि पेचकस हमखास सापडेल.

तिची नोकरीच तशी आहे, असं थोरला म्हणतो. बायकोची बाजू घ्यायचा त्याला पगार नाही, तरी घेतो. अपंग माणसांना सगळीकडे जाता-येता आलं पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे, हे ती लोकांना शिकवत फिरते. बँकेतल्या साहेबांना शिकवते, बसच्या ड्रायव्हरांना शिकवते, दवाखान्यातल्या नर्सनाही सोडत नाही. एकदा मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय शिकवतेस?" तर म्हणाली, "आई, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल तर त्यालाच विचारायचं. खुर्ची ढकलणाऱ्याला नाही."

"एवढ्याला पगार देतात?" मी म्हटलं. "मी चौथीत शाळा सोडली, मला हे आधीच येतं."

येत होतं की नव्हतं, ते पुढे सांगते.

आणि टेपचं कौतुक मला सांगू नये. तीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. गळ्यात टेप असायची, पण ती शोभेला. बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप माझ्या डोळ्यांनी घेतलेलं असायचं. म्हणून मी कधी लोकांच्या घरी जाऊन भिंती मोजल्या नाहीत. हिने तर माझ्याच घरात मला न विचारता बाथरूमच्या भिंतीला एक दांडी ठोकली. म्हणे, धरायला. मला काय धाड भरलीय? मी त्या दांडीवर टॉवेल वाळत घालते.

तर गोष्ट अशी, की धाकट्याने मुलगी स्वतःच पसंत केली. मुलीला आई नव्हती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे घर. त्यांचं मन काही होत नव्हतं. मुलीने धाकट्याला बजावून ठेवलेलं, बाबा एकदाच भेटतील, आणि एकदा नाही म्हणाले की तो काटा मागे फिरत नाही. घरात धाकट्याचं जेवणावरचं लक्ष उडालेलं. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

म्हणून त्यांच्या दारातच मी थोरलीला दम दिला, "आज ती टेप बाहेर आली तर मी तुला ओळखत नाही."

"बरं, आई."

तिच्या 'बरं, आई'चा अर्थ मला नऊ वर्षांत चांगला कळलाय.

घड्याळवाले सरळ माणूस दिसले, पण खुर्चीच्या टोकावर बसलेले. भिंतीवर सात घड्याळं आणि सातही एकाच ठोक्याला चालणारी. "घरात अजून कोण?" आमच्या ह्यांनी विचारलं. "माझी आई आहे. तब्येत नरम असते, झोपलीय," ते म्हणाले आणि लगेच बिस्किटांची बशी पुढे केली. मुलीने मान खाली घातली. बोलणं मी रुळावर आणत होते, तेवढ्यात थोरली म्हणाली, "हात धुऊन येते." आतल्या बोळात गेली. आणि दोन मिनिटांनी आतून आवाज आला. खर्रर्र, टक. लोखंडी टेप परत आत गेल्याचा आवाज. मी तो झोपेतही ओळखेन.

घड्याळवाल्यांनीही ओळखला. उठून बोळात डोकावले आणि लाल होऊन परत आले. "घर मोजताय, ताई? स्पष्ट सांगतो, या घराचं मी कुणाला काही कबूल केलेलं नाही. मोजणी करायची होती तर सरकारी माणूस आणायचा."

ह्यांचं बिस्किट चहात पडलं. धाकट्याचा चेहरा तर पाहवेना. 'मी हिला ओळखत नाही' म्हणायची वेळ आली होती आणि मी तोंड उघडलंही होतं. पण घड्याळवाले थांबले नाहीत. "असल्या बाईला चारचौघांत आणता तरी कसं?"

"दादा," मी म्हटलं, "माझ्या सुनेला बोलायचा हक्क माझा आहे. तो मी कुणाला उसना देत नाही. आधी ती काय करतेय ते बघू या."

बोळात ती उकिडवी बसली होती. समोर एका खोलीचा दरवाजा, आत उघडलेला, मागे कपाट असल्यामुळे पुरता न वळलेला. "आई, हे बघा," म्हणाली. एका अंगाला चौकटीवर, दुसऱ्या अंगाला दाराच्या फळीवर, सारख्याच उंचीवर, रंग खरवडलेला आणि रबराचे काळे ओरखडे.

मला कुणी समजावायला नको होतं. कपडा जिथे घासतो, तिथे तो तंग असतो.

"इथून चाकाची खुर्ची काढायला गेलात ना?" मी विचारलं.

उत्तर आतून आलं.

"गेला होता. मी आत अडकले आणि तो बाहेर. आणि मी झोपलेली नाही. आठ महिने झोपून माझी झोप संपली."

पलंग आणि खिडकी यांच्या मधे, खुर्चीत बसलेली म्हातारी. केस विंचरलेले, डोळे असे की सुईत दोरा ओवावा. पडल्यापासून पायांत बळ नव्हतं. खुर्ची दवाखान्यातून घडी करून आत आणली, आत उघडली, आणि तिच्यात आजी बसल्यावर ती बाहेर निघेना. गवंडी म्हणाला, भिंत फोडता येणार नाही, वरच्या मजल्याचा भार तिच्यावर आहे.

"घड्याळात केसाएवढा फरक असला तरी मी काढतो," घड्याळवाले हळूच म्हणाले. "हे नाही जमलं, ताई. मग कुणाला सांगायचीही लाज वाटायला लागली."

मी दरवाजा पाहिला, खुर्ची पाहिली. "बोटभर कमी आहे."

थोरलीने टेपकडे पाहिलं. "दोन सेंटीमीटर. बरोबर."

"बरोबर आहे का, ते मी तुला विचारलं नव्हतं."

"भिंतीला हात लावायला नको," ती घड्याळवाल्यांना म्हणाली. "हा दरवाजा उघडला तरी स्वतःच्या जाडीएवढी जागा खातो. तोच उतरवला तर दोन बोटं मिळतात." ते लगबगीने निघालेच, पण ही वळली आत. "आजी, तुम्हाला बाहेर यायचंय का? दार काढलं तर पडद्यावर भागवावं लागेल."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पडदा चालेल. रंग मी सांगेन."

घड्याळवाले पेचकस घेऊन आले. वीस होते, मखमलीच्या पेटीत, सगळ्यात मोठा माझ्या सुईएवढा. बिजागरीला बघून पेटी तशीच मिटली. थोरलीने पर्स उघडली. धाकट्याने दरवाजाचं वजन पेललं आणि आमच्या ह्यांनी, नेहमीप्रमाणे, सूचना पेलल्या. स्क्रूंवर रंग बसलेला, एकेक कुरकुरत निघत होता. नुसतं उभं राहवेना म्हणून मी घड्याळवाल्यांना विचारलं, "बाहेर पंखा चालू आहे. त्यांना वारं सोसेल ना?"

"त्याला काय विचारतेस, बाई?" म्हातारी आतून म्हणाली. "वारं मला लागणार आहे."

थोरलीने बिजागरीवरून मान वर केली नाही. खांदे मात्र हलत होते.

दरवाजा निघाला. घड्याळवाले खुर्ची ढकलायला धावले, तर थोरलीने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "थांबा, लागलं तर त्या सांगतील." म्हातारीने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि स्वतःला ओढलं. रबर घासलं नाही. एका दमात बोळात, दुसऱ्या दमात दिवाणखान्यात. तिथे तिने आधी घड्याळांकडे पाहिलं, मग सुनावलं, "तिसरं मागे आहे."

तिसरं मागे नव्हतं. पण घड्याळवाल्यांनी मुकाट्याने ते उतरवलं आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून पुसत राहिले.

"मुलगा कुठला? हा? तासभर नुसता आवाज ऐकतेय. आवाजावरून जाडा वाटला होतास." तिने धाकट्याला वाकायला लावून न्याहाळलं. मग लेकाकडे वळली. "तू का अडून बसलायस ते मला ठाऊक आहे. ही सासरी गेली की म्हातारीकडे कोण बघणार, हेच ना? चाळीस वर्षं त्या गल्ल्यावर मी बसलेय. उद्यापासून परत बसते. तू माझ्याकडे बघ, मी गिऱ्हाइकांकडे बघते. पोरीला मोकळी कर."

घड्याळवाल्यांनी आमच्याकडे तोंड केलं. "आईने ठरवलं म्हणजे ठरलं," ते म्हणाले. मुलीने नवा चहा टाकला. थोरली तोवर दुकानाच्या दारातल्या पायरीपाशी टेप घेऊन बसली होती. या वेळी घड्याळवाल्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

परतताना बसथांब्यावर धाकटा आणि हे पुढे उभे राहिले. थोरली माझ्या शेजारी, पर्स पोटाशी धरून, मी काय बोलते याची वाट बघत. पायरी उतरताना गेले काही महिने माझा गुडघा कुरकुरतो. तिला दिसलं असणार. तिला सगळं दिसतं.

"नीट ऐक," मी म्हटलं. "पाहुण्यांत कसं वागावं याची तुला काडीची अक्कल नाही. नऊ वर्षं सांगून माझं तोंड दुखलं. आता मी सांगणार नाही आणि तूही शिकू नकोस. आणि टॉवेल वाळत घालायला उद्या दुसरीकडे दोरी बांध. ती दांडी मला धरायला लागते."