छातीतला दगड

दगड कापायच्या कारखान्याच्या आवारात त्या दिवशी दीडएकशे माणसं उन्हात उभी होती आणि कुणी कुरकुर करत नव्हतं. सुट्टीचा वार होता, करवती बंद होत्या, तरी जमिनीवरची पांढरी भुकटी पावलागणिक उडत होती. मधोमध एक टेबल, त्यावर काचेचे पेले ओळीनं मांडलेले आणि पेल्यांमागे फुंकरबाबा. जटा नाहीत, भगवं नाही. इस्त्रीचा सदरा, सोनेरी काडीचा चष्मा आणि बँकेतल्या साहेबासारखा मऊ आवाज.

पाळी येईल तो बाकावर बसायचा. बाबा पेल्यात नितळ पाणी ओतायचे, सगळ्यांना उंच धरून दाखवायचे आणि एक नळी त्याच्या तोंडात द्यायचे. "फुंक लेकरा. छाती ही देवानं दिलेली कोठी. कोठीत दाणा राहतो, दगड नाही राहत. निघू दे त्याला." माणूस फुंकायचा, पाण्यात बुडबुडे उठायचे आणि बघता बघता ते दुधासारखं पांढरं व्हायचं, थेट त्या भुकटीच्या रंगाचं. मग बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे, आपल्या बाटलीतलं चमचाभर 'अमृत' पेल्यात टाकायचे, की पांढरेपणा गायब. "जळाला दगड. ऊठ, छाती मोकळी झाली." गर्दीतून हुंकार उठायचा.

रांगेत सातवा माझा दादा होता.

दादानं एकोणीस वर्षं त्या कारखान्यात लाद्यांना पॉलिश मारलं. वय त्रेचाळीस, पण जिन्याच्या सहा पायऱ्या चढला की भिंतीला हात टेकायचा. वहिनी त्याच्या पाठीला उशा लावून त्याला बसवूनच झोपवायची. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून मला आणि वहिनीला नीट समजावलं होतं. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारखे कोट्यवधी बारीक फुगे असतात. त्यांची भिंत केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. भिंतीच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला रक्त. हवेतला प्राणवायू त्या भिंतीतून रक्तात जातो आणि शरीरभर जळून झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो. आपण श्वास घेतो तो एवढ्या देवघेवीसाठी. दगडाची भुकटी इतकी बारीक असते की ती थेट त्या फुग्यांत उतरते, तिथं रुतते आणि शरीर तिच्याभोवती व्रण धरतं. पातळ भिंत जाड, चिवट होते. मग हवा आत येते, पण पलीकडे रक्तात उतरत नाही. "छाती भाता आहे हो त्यांचा, चालतोय," त्या म्हणाल्या होत्या, "पण निखाऱ्यापर्यंत वाराच पोचत नाही." रोगाचं नाव सिलिकोसिस. रुतलेली भुकटी काढता येत नाही. पुन्हा धुळीत पाऊल टाकायचं नाही, हाच पहिला उपचार.

त्या डॉक्टरीणबाईंनी मालकाला पत्रही लिहिलं होतं. अकरा कामगारांच्या छातीत डाग आहेत, करवतींवर पाण्याची धार सोडा, चांगले मुखवटे द्या. मालकानं पत्र घडी घालून ठेवलं आणि बाबा आणला.

दादा बाकावर बसला. पहिल्या फुंकेला त्याला खोकला आला, ओठ निळसर झाले. दुसरी फुंक मारावी लागली. पाणी पांढरं झालं आणि मला तत्क्षणी कळलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी माझ्या वर्गात हाच प्रयोग होतो. चुन्याची निवळी, त्यात उच्छ्वास सोडला की ती दुधाळ होते. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. त्या आवारात माझे निदान पंधरा जुने विद्यार्थी उभे होते.

मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात दादानं मागे वळून वहिनीकडे पाहिलं आणि हसला. चार महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले.

तीन दिवसांनी त्याच्यापाशी बसून मी हळूच विषय काढला. ते पाणी कशाचं होतं, ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तरीण, तुझ्या पुस्तकात माझ्या छातीबद्दल काय लिहिलंय? मला बरं वाटतंय, ते खोटं का?" खोटं नव्हतं. तीन दिवस तो रजेवर होता, धुळीत गेला नव्हता. शिवाय बाबांनी सांगितलं म्हणून रोज ओठांचा चंबू करून सावकाश फुंकत होता, तसं केल्यानं दम घटकाभर आवरतो. दवाखान्यातली नर्सही तेच शिकवते, फक्त ती त्याला चमत्कार म्हणत नाही. मी आणखी एकदा बोलून पाहिलं, तर तो चिडला, आणि चिडल्यावर त्याला जो खोकला लागला तो बघून मी विषय सोडला. पुढच्या सोमवारी तो मुखवटा खुंटीलाच ठेवून कामावर गेला.

सहाव्या आठवड्यात कामावरच त्याच्या छातीत कळ आली. एका बाजूचं फुप्फुस फाटलं होतं. दवाखान्यात नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता, नळी होती, तरी तो पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा हवा ओढत होता. हवा भरपूर होती. ती घेणारी जागा उरली नव्हती. दोन दिवसांनी तो गेला. डॉक्टरीणबाई खोटा धीर देणाऱ्या नव्हत्या. तो तसाही फार वर्षं काढणार नव्हता, म्हणाल्या, पण ही सहा आठवड्यांची धूळ नसती तर हे असं, इतक्यात झालं नसतं.

महिन्याभरानं बातमी आली की बाबा पुन्हा येणार आहेत. वहिनीनं मला विचारलं, "वन्सं, ते पाणी घरी करता येतं का?"

मी रंगाच्या दुकानातून चुना आणला. पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरची निवळी अलगद पेल्यात गाळून घेतली. वहिनीनं नळी घेऊन फुंकलं. पाणी पांढरं झालं. तिनं जन्मात दगडाला कानस लावली नव्हती.  मग मी सांगितलं. आत घेतलेल्या हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो, बाहेर टाकलेल्या हवेत सोळाच उरतो. आणि कार्बन डायऑक्साइड, जो आत येताना जवळजवळ नसतोच, तो बाहेर जाताना चार भाग असतो. तो चुन्याला भेटला की पांढरी पूड होते. खडूच म्हण ना. जिवंत माणसाचा कुठलाही श्वास हे करतो.

"तुला त्या दिवशीच ठाऊक होतं?"

"हो."

तिनं पेला विसळला, पालथा घातला. मग पाठमोरीच म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर यायचं."

रविवारी तीच गर्दी, तेच टेबल. वहिनी रांगेत न थांबता सरळ पुढे गेली. विधवा बाई म्हणून कुणी अडवलं नाही. पहिल्या खुर्चीवर मालक बसला होता. तिनं हात जोडून त्याला म्हटलं की मालक, तुम्ही काचेच्या खोलीत बसता, धुळीत कधी आला नाहीत, तुमच्या छातीत दगड असायचं कारण नाही. तुम्ही फुंका. पाणी नितळ राहिलं तर मी बाबांच्या पायावर डोकं ठेवून घरी जाईन.

बाबा घाईनं म्हणाले की हा विधी रोग्यांसाठीच आहे. पण मालकाचा बाबांवर खरंच विश्वास होता, हे मला तेव्हा कळलं. तो हसत उठला, बाबांच्याच पेल्यात बाबांच्याच नळीनं त्यानं लांब फुंक घातली. पाणी पांढरंफटक झालं.

मालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं पेला उजेडाकडे धरला, छातीवर हात फिरवला. बाबांनी अमृताचा चमचा पुढे केला, "काळजी नको, आत्ता जाळतो." मालकानं तो हात बाजूला सारला आणि मुनीमाला हलक्या आवाजात म्हणाला, "गाडी काढ. छातीच्या डॉक्टरकडे जायचंय."

आवाज हलका होता, पण पुढच्या तीन रांगांनी ऐकला.  मग करवतीवरचा एक म्हातारा कारागीर, ज्यानं दोनदा फुंकलं होतं, शांतपणे म्हणाला, "मालक, आम्हाला बाबा आणि तुम्हाला डॉक्टर होय?"

त्यानंतर माझं काम सोपं झालं. मी पिशवीतून घरची निवळी काढली. फुंकलं, पांढरी झाली. कारखान्याबाहेरच्या शिंप्यानं फुंकलं, पांढरी झाली. बाबांच्या बाटलीचा वास म्हाताऱ्याला घ्यायला लावला. तो म्हणाला, व्हिनेगर आहे. साधा आंबट पदार्थ, ज्यात ती खडूची पूड विरघळते. बाबांनी चष्मा सावरला आणि सांगितलं की जमावात अश्रद्धा शिरली म्हणून पाणी बिघडलं. एरवी या वाक्यावर माना डोलल्या असत्या. त्या दिवशी एकही डोलली नाही. पेले तसेच टाकून ते गाडीत बसले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. ऐकतो की ते दुसऱ्या एका गावात आहेत आणि तिथं आता फुंकत नाहीत, नाडी बघतात.

मालकाची छाती ठणठणीत निघाली. कामगारांनी नऊ दिवस काम बंद ठेवलं, तेव्हा करवतींवर पाण्याची धार आली. बाबांकडे फुंकून बरे झालेल्या तीसजणांचे एक्स-रे काढले. चौदांच्या छातीत डाग आहेत. त्यातल्या तिघांना, तो म्हातारा कारागीरही त्यांतलाच, आता कायम प्राणवायूची टाकी लागते.

त्या चौदांच्या छातीतला दगड कुणी काढू शकत नाही, डॉक्टरही नाही. तो आत जाऊ न देणं एवढंच माणसाच्या हातात असतं. त्यासाठी पाणी लागतं, मुखवटा लागतो आणि मालकाला जाब विचारणारी माणसं लागतात. कुणी तुमच्यासमोर चमत्कार केला तर फार मोठं ज्ञान नको, एवढंच विचारा, की हेच निरोग्यावर केलं तर काय होईल? विचारू देत नसतील, तर उत्तर मिळालंच समजा. आणि ज्याला उत्तर आधीच ठाऊक असेल त्यानं घरी जाऊन, वेळ बघून, हळूच सांगू नये. तिथंच, सगळ्यांदेखत बोलावं. समोर बसलेलं आपलं माणूस सुखानं हसत असलं, तरीही.