घरचंच माप

विशाखाला सगळं पाठ होतं, आणि तिचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

लातूरला दोन वर्षं क्लास केलेली पोरगी. तिथं प्रश्न वाचून संपायच्या आत बोट पर्यायावर गेलं पाहिजे, असा दंडकच होता. रामलिंग सर फळ्यावर गणित घालायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि चाळीस सेकंद झाले की म्हणायचे, "बस. ज्याचं आलं न्हाई त्यानं पर्यायातून उचला." चारातले दोन पर्याय उघड खोटे असतात, उरलेल्या दोघांपैकी एकाला धरायचं, ही त्यांची शिकवण. विशाखा त्यात इतकी पक्की झाली की सर तिला 'एक्सप्रेस' म्हणायला लागले. पुढं इंजिनिअरिंगला नंबर लागत होता, पण ती म्हणाली, मला नुसतं गणितच करायचं आहे. घरच्यांनी अडवलं नाही. मुखेडच्या कॉलेजात ती तिन्ही वर्षं पहिली आली आणि एम.एस्सी.ला नांदेडच्या विद्यापीठात दाखल झाली.

इथं मात्र पर्यायच नव्हते. प्रश्नाच्या खाली सगळा कोरा कागद, आणि त्यावर 'सिद्ध करा'. एक्सप्रेसला रूळच सापडेनात.

त्यात अ‍ॅनालिसिस नावाचा विषय. त्यात दोन ग्रीक अक्षरं आहेत, एप्सिलॉन आणि डेल्टा. भानगड तशी सोपी आहे. उत्तरात किती फरक चालवून घेणार, तो एप्सिलॉन. तेवढाच फरक पडावा म्हणून मूळ आकडा किती हलू द्यायचा, तो डेल्टा. एप्सिलॉन समोरच्यानं सांगायचा, डेल्टा आपण शोधायचा. पण शोधायला वेळ कुणाला आहे? हॉस्टेलात तिची रूममेट होती वर्षाराणी. तिच्याकडं मागच्या मागच्या बॅचपासून झेरॉक्स होत आलेली एक वही होती, आणि त्या वहीइतकाच जुना एक मंत्र. "अडलं की एप्सिलॉन बाय टू लिहायचं. निम्मे मार्क तिथंच पडतेत." विशाखानं वही पाठ केली. मंत्र तर आधीच पाठ झाला होता.

मंगळवारी सेमिनार असायचा. पोरांनी फळ्यावर जाऊन शिकवायचं आणि मल्लिनाथ सरांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं. उदगीरकडचा शांत माणूस. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळंच भीती जास्त वाटायची. त्या दिवशी विशाखाला प्रश्न होता तो असा: शून्य आणि एक यांच्या मधला कुठलाही आकडा घ्या, आणि एकाला त्यानं भागा. आकडा थोडासा हलवला तर उत्तर किती हलतं? या सगळ्या आकड्यांना मिळून एकच डेल्टा पुरेल का?

विशाखानं दोन फळे भरले. अक्षर मोत्यासारखं, कुठं अडखळली नाही. शेवटी डेल्टा लिहिला, खाली दुहेरी रेघ ओढली आणि खडू ठेवला.

"डेल्टा किती घेतलास?" मागून सरांनी विचारलं.

"एप्सिलॉन बाय टू, सर."

"कुणासाठी?"

"सर?"

"शून्य ते एक यांच्यामध्ये लई जण राहतेत. त्यातल्या कुणासाठी घेतलास?"

"सगळ्यांसाठी, सर."

"सगळ्यांना भेटून आलीस का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्याला तुझा डेल्टा पुरत न्हाई असा एकजण तिथं बसलाय. पुढच्या मंगळवारी त्याला घेऊन ये."

ती जागेवर येऊन बसली ती मान खाली घालूनच. चूक झाल्याचं तिला एवढं लागलं नाही. वहीतलं तिला काहीच कळलेलं नाही हे सरांना दिसलं, आणि त्यांच्याआधी तिला स्वतःला कधी दिसलं नव्हतं, हे लागलं. सहा वर्षं जिला सगळे हुशार म्हणत आले ती बहुतेक हुशार नव्हतीच, नुसती पाठांतराची मशीन होती, असं तिच्या मनानं घेतलं.

आणि दैवाची वेळही बघा, त्याच संध्याकाळी लातूरहून रामलिंग सरांचा फोन आला. क्लासमध्ये मुलींची नवीन बॅच होती, त्यांच्या शंका सोडवायला माणूस पाहिजे होता. "एक्सप्रेस, तू ये. राहायची सोय करतो. एम.एस्सी. काय, बाहेरून कधीबी करता येतंय. सोमवारपर्यंत सांग." गोड माणूस, मनापासून बोलावत होता. तिथं प्रश्नाला चार पर्याय होते आणि तिला सगळे येत होते. ती हो म्हणणारच होती. फक्त एकदा घरी सांगायचं राहिलं होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ती मुखेडला उतरली तेव्हा तिचे बाबा, रविकांत टेलर, दुकानाला कुलूप घालून निघण्याच्या बेतात होते. गळ्यात टेप, काखेत मापाची वही. "बरी आलीस," ते म्हणाले. "चल, शाळेत जाऊन येऊ. लिहायला माणूस पाहिजेच हाय." यंदा गणवेशाचं कापड उशिरा आलं होतं आणि शाळा घाई करत होती.

लहानपणापासून ती त्यांच्यासोबत शाळेत मापं लिहायला जायची. तीच तिची शाळा होती, गावाबाहेरच्या वस्तीजवळची. बाबांची पद्धत ठरलेली. प्रत्येक पोरीचं माप घेत बसायचं नाही. वर्गातल्या पोरी उंचीप्रमाणं रांगेत उभ्या करायच्या आणि फक्त शेवटच्या, म्हणजे सगळ्यात उंच पोरीच्या स्कर्टची लांबी घ्यायची. सगळे स्कर्ट तेवढेच कापायचे. कमरेला इलॅस्टिक असतंच, आणि बुटक्या पोरींचं खालून दुमडून घ्यायचं. लांब कापड दुमडता येतं, तोकडं कापड ओढून लांब होत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

सातवीच्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या. तारामतीबाई, तिथल्या मुख्याध्यापिका, दारात येऊन टेकल्या. त्यांनी विशाखालाही शिकवलं होतं. "रविकांत, शेवटची पोरगी हजर हाय ना यंदा?" त्या म्हणाल्या. "का घरचंच माप?"

बाबा ओशाळं हसले. "बाई, ते मी मेल्यावर तरी इसरचाल का?"

ती गोष्ट अख्ख्या वस्तीला माहीत होती. विशाखा सातवीत असताना वर्गात सगळ्यात उंच तीच होती. मापाच्या दिवशी नेमकी ती मुरुडला मामाच्या लग्नाला गेलेली. बाबा म्हणाले, आपलीच पोरगी हाय, माप पाठ हाय मला. आणि त्या पाठ असलेल्या मापानं त्यांनी चाळीस स्कर्ट कापले. पण पोरगी उन्हाळ्यात चार बोटं वाढली होती, आणि ते बापाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्यापाठोपाठच्या आठ-दहा पोरीही वाढलेल्या. त्या वर्षी सातवीतल्या या पोरी वेगळ्या निळ्या रंगाची पट्टी जोडलेले स्कर्ट घालून फिरल्या, आणि सगळ्यात रुंद पट्टी विशाखाच्या स्कर्टला होती.

बाबांनी शेवटच्या पोरीला टेप लावली. विशाखानं पेन उघडलं. तेवढ्यात दप्तर सावरत आणखी एक पोरगी आत आली, शेवटच्या पोरीपेक्षा बोटभर उंच. बाबांनी टेप काढून तिला लावली. तोवर शिवकन्या म्हणून एक आली, तिच्याहूनही उंच, बाहेर पाणी प्यायला थांबलेली. बाबांनी टेप गळ्यात टाकली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"घ्या की माप, बाबा," विशाखा म्हणाली.

"थांब. आधी बाईला इचारू, अजून कोण यायचंय."

"आणि अशा एकापेक्षा एक उंच येतच राहिल्या तर?"

"तर कशाचं माप घेऊ?" बाबा म्हणाले. "मग कापडाला कात्री लावायचीच न्हाई. कितीबी लांब काप, पुढची येऊन म्हणणार मला तोकडा झाला. पोरींच्या रांगेला शेवट हाय म्हणून आपलं दुकान चालतंय."

विशाखाच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

शून्य. शून्य रांगेत नव्हतंच. शून्य आणि एक यांच्या मध्ये शून्य स्वतः येत नाही. त्याच्या जवळ जवळ जाणारे आकडे येतात, एकापेक्षा एक जवळचे, आणि जो जितका जवळचा त्याचं उत्तर तितकं मोठं, तितकं उडणारं. त्याला डेल्टा तितकाच लहान लागणार. शेवटचा असा कुणी नाहीच. रांग कुठंतरी तुटली असती, एक दशांशावर म्हणा, तर तिथल्या शेवटच्याचं माप घेऊन सगळ्यांचं भागलं असतं. इथं शेवटच्याची जागा रिकामी होती, आणि तिनं पाठ केलेल्या मापानं सगळं कापून टाकलं होतं.

"लिही, एकोणतीस," बाबा म्हणाले. अजून कुणी यायचं नव्हतं.

तिनं एकोणतीस लिहिलं, पान उलटलं आणि मागच्या बाजूला दुसरंच काही लिहायला लागली. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. इतकं घाणेरडं अक्षर तिचं कधी आलं नव्हतं. सहावीच्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या तरी तिची मान वर होईना, तेव्हा बाबांनी वही तिच्या हातातून काढून घेतली नाही. सहावीचं माप त्यांनी आपल्या तळहातावर लिहून घेतलं.

दुपारी जेवणं झाली. आई, पंचशीला, भांडी आवरत होती. बाबांनी कपाटातून जांभळ्या फुलांचं कापड काढलं. "ऊठ, उभी राहा. ड्रेस शिवतो तुला."

"माझं माप पाठ नाही का तुम्हाला?"

"एकदा पाठ होतं तर काय झालं ते बाईनं सांगितलं की सकाळी. आपल्या माणसाचं माप पाठ करू न्हाई. दर टायमाला घ्यावं."

ती हसत उभी राहिली. बाबांनी खांदा घेतला, बाही घेतली. कमरेला टेप लावली आणि परत लावली. मागच्या वेळेपेक्षा दोन बोटं कमी भरत होती. टेप तशीच धरून ते खाली बसून राहिले.

"जेवत न्हाईस का तिकडं?" त्यांनी विचारलं.

आणि मग तिला रडू आलं. सकाळपासून जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं बाहेर पडलं. फळा, वर्गाचं हसणं, आपल्याला काहीच येत नाही ही रोजची भीती, आणि लातूरचा फोन. आई हातातलं भांडं तसंच घेऊन दारात आली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं गणित काडीचंही कळलं नाही, पण पोरगी कुठं टोचून घेतेय ते कळलं.

"लातूरला जाऊन काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"पोरींच्या शंका सोडवायच्या."

"बरंय की. चांगलं काम हाय." ते टेप गुंडाळायला लागले. "आन् तुझी शंका कोण सोडवणार मग?"

आईनं तिच्या पुढ्यात परत ताट वाढलं, आणि या वेळी ती जेवली.

सोमवारी सकाळी नांदेडला पोचल्या पोचल्या तिनं रामलिंग सरांना फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. मंगळवारी फळ्यावर काय होणार हे अजून तिलाही माहीत नव्हतं, आणि तरीही सांगितलं. सर थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "बरं, पण सुट्टीत तरी येऊन शिकवून जा."

मंगळवारी ती फळ्यापुढं उभी राहिली ती वही न घेता. मल्लिनाथ सरांनी शेवटच्या बाकावरून तोच प्रश्न टाकला. "डेल्टा किती घेतलास?"

"मी घेत नाही, सर. तुम्ही द्या."

सरांची भुवई वर गेली. "घे. एकाचा हजारावा भाग."

ती हळूहळू लिहायला लागली. "मग मी हाच हजारावा भाग घेते, आणि त्याच्या निम्मा घेते. दोघांत अंतर तुमच्या डेल्टापेक्षा कमी. पण उत्तरं एक हजार आणि दोन हजार. एप्सिलॉन एक धरला तर फरक एकाच्या आत पाहिजे होता, पडला हजाराचा."

"मग दहा लाखावा भाग देतो."

"मग दहा लाखावा आणि त्याच्या निम्मा. फरक दहा लाखाचा." ती थांबली. खडू बोटांत फिरवला. "तुम्ही कितीही लहान द्या, सर, मी पुढची पोरगी आणते."

वर्ग हसला. वर्षाराणी तर बाकावर डोकं टेकून हसली. या वेळी विशाखालाही हसू आलं.

"कुठली पोरगी?" सरांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. रांग, कापड, पाठ असलेलं माप, पट्टीचा स्कर्ट. सांगताना मधेच तिच्या लक्षात आलं की आपण अडखळतोय, शब्द शोधतोय, आणि तरीही भीती वाटत नाहीये. सर कधी उठून पुढच्या बाकावर येऊन बसले ते कुणाला कळलंच नाही.

"आता रांगेत शून्य पण उभं केलं तर काय होईल, आन् त्याला कुठलं उत्तर द्यायचं, हे पुढच्या मंगळवारी," ते म्हणाले. "वहीत न्हाई ते. मी बघितलीय ती वही."

गुरुवारी मुखेडच्या गाडीनं पुडकं आलं. जांभळ्या फुलांचा ड्रेस अंगात बरोबर बसला, कमरेला अगदी नेमका, जशी ती आता होती तसा. तिनं बाबांना फोन लावला.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

"बरोबर झाला, बाबा."

"आतून बघ. दोन्हीकडं दोन-दोन बोटं कापड सोडलंय. जेवायला लागलीस की उसवून घे."