गाद्यांची अब्रू

"मानवजातीची अब्रू झाकण्याचं पवित्र कार्य या कंपनीने पिढ्यान् पिढ्या केलं आहे," असं अध्यक्षांनी जाहीर केलं. कंपनी मुख्यत्वे गाद्यांच्या खोळींचं कापड विणत असे. त्यामुळे मानवजातीपेक्षा गाद्यांचीच अब्रू जास्त झाकली गेली होती; पण सभेला गाद्यांचा प्रतिनिधी नव्हता. टाळ्या झाल्या.

विणकाम खात्याचा तो शेवटचा दिवस. मागांच्या जागी गोदाम होणार होतं, आणि अध्यक्ष त्याला नवी भरारी म्हणत होते.

कामगारांतर्फे आभार मानायला भोंग्याला व्यासपीठावर बसवलं होतं. जन्म मागांच्या खडखडाटात जाऊन कान जड झाल्याने तो घरी ओरडूनच बोलायचा, म्हणून हे नाव. त्याचा जीव मात्र आभारांत नव्हता, समोर बसलेल्या आक्कात होता. उद्या ती लेकीकडे कायमची राहायला जाणार होती, आणि एक गोष्ट तिला सांगायची राहूनच गेली होती.

मोठ्या संपानंतर गिरणी उघडली, तेव्हा पुढारीपणा केला म्हणून भोंग्याला फाटकावरच अडवलं. आक्का कांड्या भरणाऱ्या बायांची मुकादम. ती हाताची घडी घालून बसली. "तो आत आला, की हात चालतील." बाकीच्या बायांनीही घड्या घातल्या. कांड्यांत सूत नाही, तर माग काय हवा विणणार? जेवणाची सुट्टी व्हायच्या आत भोंग्याला कामावर घ्यावं लागलं. त्याच्या पोरांची शिक्षणं त्याच नोकरीवर झाली. आभार मात्र आज मानू, उद्या मानू करता करता राहिले, आणि आता आक्काला ऐकू येईनासं झालं होतं.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो माइकपुढे उभा राहिला, आक्काकडे पाहिलं आणि बोलायला लागला.

आवाज आलाच नाही. वायरमन धावला, माइकवर टिचक्या मारून गेला. माइक ठणठणीत होता. भोंगाच सवयीने खात्यातलं बोलणं बोलत होता. मागांपुढे आवाजाचा उपयोग नसे. तिथे ओठ आणि हात बोलत, आणि पन्नास पावलांवरच्या माणसाला चहाडीसुद्धा नीट पोचे.

चूक कळली तरी तो थांबला नाही. फाटक, हाताची घडी, पोरं, सगळं त्याने ओठांनी सांगितलं. "आक्का, माझ्या घरात चूल पेटली ती तुझ्यामुळे. तुझे उपकार फिटायचे नाहीत."

मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, मग टाळ्यांचा कडकडाट केला. स्तुती आपलीच चालली आहे हे ओळखून अध्यक्ष उठले आणि नम्रपणे वाकले.

"काय म्हणाले ते?" त्यांनी शेजारी बसलेल्या विणकाम मास्तरांना विचारलं.

"आभार मानले साहेब," मास्तर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत.

आक्काने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिचे ओठ हलले.

"एवढं सगळं पोटात ठेवलंस होय रे? अपचन कसं झालं नाही?"

भोंगा हसला. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं, ते त्याने तसंच राहू दिलं.

"बरं, झालं असेल तर जरा बाजूला सरक," आक्काचे ओठ पुढे म्हणाले. "पंख्याचा वारा अडवलायस."