उजवी तुळई

दादाला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मिळणार होतं दोन वर्षांचं कंत्राट. समोरच्या बेटावर बंधारा घालणाऱ्या कंपनीची माणसं सकाळी पोचवायची आणि संध्याकाळी परत आणायची. शिवाय ते कंत्राट साडूला मिळणार नाही, हे सुख वेगळंच. साडूची बोट नवी होती आणि सासुरवाडीत जेवायला बसलं की दुसऱ्या घासाला तो तिचा विषय काढायचा. कंपनीच्या साहेबानं साफ सांगितलं होतं की एक तारखेला सकाळी सातला दादाची बोट उभी नसेल तर साडूची लागेल. बोट चालवणार धाकटा भाऊ, हे कुणी बोललंसुद्धा नाही. चालवायची असेल तर धाकट्यानं आणि मिरवायची असेल तर दादानं, अशी त्या घरात पहिल्यापासून वाटणी होती.

बोट तीस वर्षांची, फायबरची. फायबर कुजत नाही हे खरं, पण त्याच्या पोटात लाकूड असतं. तळाच्या लांबीनं दोन तुळया गेलेल्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, फायबरच्या कातडीत गुंडाळलेल्या. त्यांच्यावर डेक बसतो, आणि मागच्या बाजूला इंजिनाचे पायही त्यांच्यावरच आवळलेले असतात. कुठल्यातरी विसरलेल्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं आणि आतच राहतं. वरून कातडी तुकतुकीत, आत लाकडाचा चोथा.

हे पाहायला ठोकेमास्तर आला. हातात छोटी लाकडी हातोडी, कानामागे खडू. चांगल्या जागी टण वाजायचं, कुजल्या जागी भद. भद वाजलं की मास्तर खडूनं गोल काढायचा. अर्ध्या तासात डेकवर पाय ठेवायला गोलाबाहेरची जागा उरली नाही. डेक सगळा जाईल, दोन्ही तुळया जातील, असं त्यानं सांगितलं, आणि दोन्ही एकदम काढता येणार नाहीत हेही सांगितलं. दोन्ही काढल्या तर बोटीचा तळ सैल पडून आकार सोडतो, मग परमेश्वर आला तरी तो सरळ होत नाही. आधी डावी, तिला बारा दिवस; ती कडक झाली की उजवी, तिला अकरा. लाकूड वाळायलाच त्यातले निम्मे.

एक तारखेला सोळा दिवस होते. दादाला वजाबाकी उत्तम यायची. सात दिवस कमी पडत होते.

डावी बाजू मास्तरनं नेटकी केली. ग्राइंडर लावून कुजकं कापून काढलं, नवी वाळलेली तुळई बसवली, वर तीन थर कापड आणि रेझीन. फायबरची धूळ कॉलरमधून आत जाऊन त्याच्या मानेची सालपटं निघाली, तरी घाई केली नाही. तेराव्या सकाळी दादानं त्याला सांगितलं की रेझीन संपलंय, आलं की बोलावतो. शेडच्या मागच्या भिंतीला रेझीनचे चार डबे सीलबंद उभे होते. मास्तरनं ते पाहिले, हातोडी पिशवीत टाकली आणि घरी गेला. दादाच्याच शेडमध्ये आणखी दोन बोटी दुरुस्तीसाठी रांगेत होत्या. मास्तरचं वर्षभराचं पोट त्यांच्यावर होतं.

धाकटा त्या वेळी इंजिन घेऊन मेकॅनिककडे बसला होता. शेडमध्ये दादा एकटा. दहा वर्षांत ज्यानं पाना उचलला नव्हता, त्यानं शर्ट काढून उजव्या तुळईच्या कातडीवर वीतभर अंतरानं भोकं पाडली आणि किटलीनं त्यांत पातळ रेझीन ओतलं. रेझीन ओल्या लाकडात दोन बोटं उतरलं आणि तिथंच दगड होऊन बसलं. खालचा चोथा होता तसाच राहिला. वर डेकचं नवं प्लायवूड, वर कापड, वर राखाडी रंग. मग दादानं स्वतः ठोकून पाहिलं. टण. पुढून मागपर्यंत टण. त्याला मनापासून वाटलं की काम झालं, आणि यात लबाडी पुरी नव्हती हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं. तपासणी आवाजाची असते असं त्यानं पाहिलं होतं, म्हणून त्यानं आवाज दुरुस्त केला.

इंजिन बसवताना उजवीकडचे बोल्ट अंमळ सहज आवळले गेले. धाकट्याला ते बरंच वाटलं. डावीकडच्यांनी त्याचं मनगट मोडायला आणलं होतं.

पहिल्या फेरीला मास्तर नेहमी बोटीत असायचा. आपण केलेल्या कामावर आपणच बसून जायचं, ही त्याची जुनी रीत, आणि तिच्यावरच त्याचं नाव टिकून होतं. एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी चाचणीला तो आला, हातोडीनं पुढून मागे ठोकत गेला, बसला, बंधाऱ्यापर्यंत जाऊन आला, छान आहे म्हणाला. धाकट्याची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणत, नवऱ्याचा डबा द्यायला म्हणून त्याच फेरीला होती. पावती मागून पुढून वाचणारी त्या घरात ती एकटीच. परतल्यावर ती तशीच मास्तरच्या घरी गेली.

"मास्तर, तुम्ही एकदाही उजवीकडे गेला नाहीत."

"लाट होती. तोल सांभाळावा लागतो."

"लाट नव्हती."

मास्तरनं बायकोला चहा टाकायला सांगितलं, म्हणजे तिला आत पाठवलं. "कुठलीही तुळई अशी सरळ एका सुरात वाजत नाही," तो म्हणाला. "कुठं जरा जड, कुठं हलकं. उजवी पुढून मागपर्यंत एकसारखी वाजते."

"म्हणजे चांगली?"

"म्हणजे मी तिच्यावर बसलो नाही."

चहा न घेता धाकटी निघाली.

शेडची किल्ली घरातल्या खिळ्याला असायची. धाकटीनं तिथून ड्रिल घेतलं, बोटीत उतरली आणि इंजिनाच्या शेजारी उजवीकडे पेन्सिलीएवढं भोक पाडायला लागली. आधी पांढरा भुगा, मग काचेसारखे पिवळे कण, आणि मग ड्रिल आपोआप आत गेलं, कुणी आतून ओढल्यासारखं. बाहेर काढलं तर मागोमाग तपकिरी पाणी आलं. बंद तळघरासारखा वास. तिनं ते डब्याच्या झाकणात धरलं आणि नवऱ्यासमोर आणून ठेवलं.

धाकट्यानं त्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाला, दादाला विचारू. हेच नको होतं तिला, पण विचारलं. दादानं झाकणाचा वास घेतला, मान डोलावली आणि तिचं कौतुक केलं. जुनं मुरलेलं पाणी आहे, तू वाट करून दिलीस, बरं झालं, असं म्हणून त्यानं भोकात पुट्टी भरली, वरून रंगाचा ठिपका दिला. धाकट्याच्या चेहऱ्यावरचा ताण झरकन उतरला, आणि धाकटीला खरी भीती वाटली ती तेव्हा. तोपर्यंत नुसता संशय होता.

रात्री तिनं सांगून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी तो वैतागला. "दादानं मला पोहायला शिकवलंय. तो माझ्या जिवावर उठेल का?"

"तेव्हा ते पाण्यात होते," ती म्हणाली. "आता काठावर आहेत."

सकाळी तिनं बोटीची चावी पिठाच्या डब्यात लपवली. दुसरी चावी दादाकडे होती.

एक तारखेला सातला बोट उभी होती. अकरा कामगार चढले. दादा मागे हात बांधून धक्क्यावर, साडू दुसऱ्या टोकाला, तोंड कडू करून. समुद्र ताटासारखा सपाट. दादाच्या मते हा पहिला दिवस वसूल झाला.

दुसरा, तिसराही तसाच. चौथ्या दिवशी इंजिनाशेजारी रंगाला केसाएवढी चीर दिसली. धाकट्यानं तिच्यावरून ब्रश फिरवला. पाचव्या दिवशी ती परत आली, थोडी लांब होऊन. सहाव्या दिवशी इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा आवाज बदलला. कामगारांपैकी एकानं विचारलं, घरघर कसली? धाकटा म्हणाला, नवं काम आहे, बसतंय अजून. सातव्या संध्याकाळी दादा मुद्दाम घरी येऊन धाकटीला म्हणाला, "काय गं, झाले की नाही सात दिवस?" ती कपडे वाळत घालत होती. घालत राहिली.

आठव्या दिवशी परतीच्या वेळी ओहोटी बाहेर ओढत होती आणि वारा उलटा आत येत होता. अशा वेळी तिथं लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोट वर जाते आणि खाली पडते. चौथ्या आपटीला उजवीकडचे दोन्ही बोल्ट लाकडासकट वर आले. ते लाकूड ओल्या पावासारखं होतं, असं नंतर एक कामगार सांगत होता. इंजिन उजवीकडे कललं, दांडा तळातून जिथं बाहेर पडतो ते भोक त्यानं फाडलं, पाणी उसळलं. इंजिन बंद करायला धाकटा झाकण काढून खाली उतरला. पुढच्या आपटीला ते सगळं वजन सरकलं आणि त्याचा पाय इंजिन आणि बोटीच्या भिंतीमध्ये सापडला.

साडूची बोट अर्ध्या मैलावर होती. तिनं अकराच्या अकरा माणसं उचलली. धाकट्याला काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि तो, काढणाऱ्यांनी सांगितलं, सारखं एकच म्हणत होता की दादाला कळवा, तो सांगेल कसं सोडवायचं.

तर जमाखर्च असा. कंपनीची माणसं सुखरूप, एकाचा फक्त डबा गेला. कंत्राट दुसऱ्या सकाळी साडूकडे. बोट वर ओढून काढल्यावर तिच्यात काय उरलंय हे ठोकून सांगायला मास्तरला बोलावलं, आणि त्यानं न ठोकताच सांगितलं. दादानं सात दिवस वाचवले होते, बोट आठ दिवस चालली. नफा एक दिवस. तो धाकट्यानं भरला, गुडघ्याखालून कापाव्या लागलेल्या उजव्या पायानं. त्यानंतरचे सगळे दिवस धाकटी भरते आहे.