व्याह्यांसमोर

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर स्वतःच दार ढकलून बाहेर आले, तेव्हा नागाबाई पुढे झाली.

"पिराजींचं कोण आहे?"

"मी हाय, सायेब. बायको त्यायची."

"मेंदूवरची रक्ताची गाठ काढली, पण रक्त थांबतच नाही. एवढं वाहायला नको होतं. नीट सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू होती का?"

नागाबाईने शेजारी पाहिले. शेषेराव उभे होते. पुढच्या महिन्यात तिची शिवकन्या त्यांच्या घरी सून म्हणून जायची होती. लग्नाचा बस्ता बांधायला दोघे व्याही आज नांदेडला आले होते. परतताना मुदखेडच्या अलीकडे पिराजीच्या मोटारसायकलला कुत्रं आडवं गेलं आणि पिराजी पडून डोकं रस्त्यावर आपटलं. मागून दुसऱ्या गाडीवर येणाऱ्या शेषेरावांनीच त्याला उचलून परत नांदेडच्या या दवाखान्यात आणलं आणि नागाबाईला बोलावून घेतलं.

पिराजीला आत नेण्याआधीही डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा ती ठणकावून म्हणाली होती, "काई न्हाई, धडधाकट हायती." व्याह्यांसमोर दुसरं काय म्हणणार? नस उघडी ठेवायला पिराजीच्या हृदयात स्प्रिंग टाकलेली भावकीलासुद्धा ठाऊक नव्हती. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आग लागो असल्या रितीला!

"बाई, लवकर बोला!"

मोडलं लग्न तर मोडू दे.

"व्हती, सायेब. रोज घ्यायचे. हृदयात स्प्रिंग हाय त्यायच्या. मी खोटं बोल्ले."

डॉक्टर रागावलेही नाहीत. "प्लेटलेट्स मागवा!" असं नर्सला ओरडून सांगत ते आत पळाले.

नागाबाई भिंतीला टेकून खाली बसली. शेषेरावांकडे बघायची तिची छाती होईना. रक्ताच्या पिशव्या आत जात राहिल्या. दिवस कलला तेव्हा डॉक्टर पुन्हा आले आणि मान हलवून म्हणाले, "नाही वाचवू शकलो."

"मीच मारलं वो त्यायला!" नागाबाईने कपाळ बडवून घेतले.

शेषेराव तिच्यासमोर फरशीवरच बसले. "इहीणबाई, सोयरीक मोडत न्हाई. पोरगी आमचीच हाय."

मग त्यांनी आतल्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"माझ्या बी छातीत स्प्रिंग हाय. लगीन हुईस्तोर आमी बी कुणाला सांगणार नव्हतो."

नागाबाईने पट्टी हातात घेतली. पिराजी घ्यायचा तीच गोळी. तिने पट्टी परत त्यांच्या तळहातावर ठेवली.

"समद्यायला सांगून ठेवा, इवाई," ती म्हणाली. "आजच सांगा."